खरवडलेली ढाल

"मला या घरातून खरवडून काढलंय," लेडी फिलिपा वोल्मर म्हणाल्या. "कोणी, ते मला गुरुवारच्या आत कळायला हवं. गुरुवारी माझं जहाज सुटतं."

हेस्टर थर्कल मान वर करून वोल्मर हॉलच्या दारावरचा शोकफलक बघत होती.

सर जर्व्हेस वोल्मर जाऊन तीन आठवडे झाले होते. नॉर्फकमधली जुनी घराणी १८९१ सालातही रीत सोडायला तयार नव्हती. माणूस गेला की त्याचं कुलचिन्ह रंगवलेली चौकोनी फळी कोपऱ्यावर उभी करून दारावर टांगायची, आणि वर्षभराने चर्चमध्ये न्यायची. हा फलक बुधवारी टांगला होता. त्याची पार्श्वभूमी अर्धी काळी, अर्धी पांढरी होती. नवरा गेला, बायको मागे आहे, असा त्याचा अर्थ. मध्ये वोल्मरांची रुपेरी ढाल, तिच्यावर लांडग्यांची तीन काळी मुंडकी. आणि त्या ढालीच्या बरोबर मधोमध तळहाताएवढी जागा लाकूड दिसेपर्यंत खरवडलेली होती.

"काल सकाळी दार उघडलं तर हे असं," फिलिपाबाई म्हणाल्या. "तिथे माझ्या माहेरचं चिन्ह होतं. टॅरंटांची सोनेरी पेंढी. बुधवारी खालून पाहिली होती मी."

"आणखी काही होतं?"

"मला त्यातलं काही कळत नाही हो. जर्व्हेस ढालींबद्दल बोलायला लागला की मी खिडकीबाहेर बघायची."

हेस्टर नॉर्विचच्या एका गाड्या रंगवणाऱ्याची विधवा. नवरा बड्या लोकांच्या बग्ग्यांच्या दारांवर कुलचिन्हं काढायचा आणि ही शेजारी बसून रंग घोटायची. आता ती लोकांची गुपितं शोधून देण्याचा धंदा करत होती आणि तिच्या मते त्यात रंगकामापेक्षा जास्त घाण अंगाला लागत होती. तिच्याबरोबर तिचा दीर एमस होता. पोलिसातून निवृत्त झालेला सार्जंट, अंगाने दणकट, डोक्याने निवांत.

"खाली रंगाचा एक कणसुद्धा नाही," एमस पायरीवर वाकून म्हणाला. "झाडलं का कुणी?"

"कुणी नाही झाडलं."

"म्हणजे खरवडणाऱ्याने खाली कापड अंथरलं होतं," हेस्टर म्हणाली. "लांडग्यांना ओरखडासुद्धा नाही. फार निगुतीने केलेला अपमान आहे हा, बाईसाहेब."

आत चहा आला. फिलिपाबाईंनी कपाला हात लावला नाही. त्यांना मूल नव्हतं, आईवडील कधीच गेले होते. एक धाकटा भाऊ, रोलंड, सात वर्षांपूर्वी न्यूझीलंडला गेलेला. वर्षाला त्याची दोन पत्रं यायची. गुरुवारी त्या त्याच्याकडेच निघाल्या होत्या, कायमच्या.

"माझं म्हणावं असं जगात तेवढंच एक माणूस उरलंय, मिसेस थर्कल. पण हाकलून दिल्यासारखी मी इथून जाणार नाही. मला नाव हवंय."

"त्यांचं शेवटचं पत्र कधी आलं?"

"गेल्या आठवड्यात. जर्व्हेस गेल्याचं त्याला अजून ठाऊक नाही. लिहितो, मी आत डोंगराकडे बिऱ्हाड हलवतोय, भेटीला यायचं म्हणत होतीस ते यंदा नको. ऐकते की काय मी!"

त्या पहिल्यांदाच हसल्या. हेस्टरने पाकीट उलटसुलट केलं. वरचा कोपरा कात्रीने कापलेला होता.

"पोस्टाचं तिकीट?"

"पाद्रीबुवा अनाथाश्रमासाठी जुनी तिकिटं गोळा करतात ना. जर्व्हेस प्रत्येक वेळी कापून ठेवायचा. आता टपाल माझी दासी डॉर्कस आणते, तीच कापते."

"तुमचा संशय कोणावर?"

"लायोनेलवर. माझ्या दिरावर. आणखी कोणावर असणार?"

लायोनेल वोल्मर तबेल्यात सापडला. वोल्मर हॉल आता त्याचा होता आणि ते त्याच्या बुटांच्या आवाजातसुद्धा ऐकू येत होतं.

"मी? शिडीवर चढून?" तो हसला. "बाई, वहिनी गुरुवारी जाते आहे. तेवढे दिवस मी दात-ओठ खाऊन गप्प बसू शकतो. आणि तिचा अर्धा भाग काढायचाच असता तर उभी करवत लावली असती. अर्धी ढाल खरवडायची म्हणजे अख्खी सकाळ गेली असती!"

"फलक जवळून पाहिलात?"

"कशाला? लग्न झाल्यापासून बग्गीच्या दारावर बघतोच आहे. डावीकडे आमचे लांडगे, उजवीकडे तिची ती पेंढी. जर्व्हेसला या ढालींचं वेड होतं. दिवाणखान्याच्या रंगीत काचेत आजोबांची ढाल आहे. दर जेवणाला पाहुण्यांना तीच गोष्ट: आजीचं चिन्ह आधी शेजारी होतं, मग तिचा एकुलता एक भाऊ यार्मथला बुडाला आणि त्याच आठवड्यात आजोबांनी ते उचलून मधोमध आणलं. आमच्या घोड्यांनासुद्धा पाठ आहे."

"रोलंड टॅरंटशी तुमचं कसं होतं?"

"माझं बरं होतं. जर्व्हेसशी नव्हतं. त्यानेच त्याला वाटेल ते बोलून घालवलं. निघायच्या दिवशी वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली होती, त्याला काही झालं तर मी या घरात एक दिवस राहणार नाही. जर्व्हेस पांढराफटक पडला होता. त्याचा फार जीव होता तिच्यावर. कशासाठी, ते देव जाणे."

पाद्रीबुवा, रेव्हरंड ब्लाइद, उशीवर पाय ठेवून बसले होते. संधिवाताने अंगठा टोमॅटोसारखा झाला होता.

"शिडी? मला पलंगावर चढवत नाही, मिसेस थर्कल! आणि मी फलक कशाला बिघडवू? या परगण्यातल्या प्रत्येक फलकाची नोंद आहे माझ्या वहीत. हासुद्धा आज शुक्रवारी दुर्बीण घेऊन बघायला येणार होतो. बुधवारीच डॉर्कसकडे तसा निरोप दिला होता. आता काय बघू, भोक?"

"अनाथाश्रमासाठी तिकिटं जमवता म्हणे तुम्ही?"

"जमवतो की. पण वोल्मर हॉलचं नाव काढू नका. सर जर्व्हेसनी हयातीत एक तिकीट दिलं नाही मला."

"चिक्कू होता बिचारा," बाहेर आल्यावर एमस म्हणाला.

डॉर्कस लम्ली वरच्या मजल्यावर ट्रंका भरत होती. ती फिलिपाबाईंच्या दाईची मुलगी, त्यांच्याबरोबर माहेराहून आलेली. नोकर म्हणावं तर नोकर, बहीण म्हणावं तर बहीण. फिलिपाबाई पलंगावर बसून हातमोजे निवडत होत्या.

ट्रंकांवर नाव-पत्ते लिहून झाले होते. सगळे छापल्यासारखे, एकेक अक्षर सुटं.

"छान लिहिता," एमस म्हणाला.

"बंदरावरच्या हमालांना वाचता यायला हवं ना, साहेब."

"कसलं हमालांना!" फिलिपाबाई म्हणाल्या. "वाण्याची यादीसुद्धा अशीच लिहिते ही. पाच-सहा वर्षांपूर्वी काय खूळ शिरलं कुणास ठाऊक. आधी काय सुरेख वळण होतं! रोलंड एकटा अभ्यासाला बसेना, म्हणून मास्तर हिलाही शेजारी बसवायचे."

"फार दंगा करायचे ते," डॉर्कस म्हणाली आणि ट्रंकेत वाकली. "बाईसाहेब, त्यांनी नको लिहिलंय, तर वसंतापर्यंत थांबूया ना आपण."

"झालं हिचं सुरू!"

शनिवारी हेस्टर आणि एमस नॉर्विचला गेले. फलक रंगवला होता जेबेझ स्टर्मनने, हेस्टरच्या नवऱ्याच्या जुन्या सोबत्याने. त्याने कपाटातून एक कागद काढला.

"सर जर्व्हेस तीन वर्षांपूर्वी स्वतः आले होते. म्हणाले, मी गेलो की हे उघड आणि हेच रंगव. त्यांच्याच हातचं आहे. सही बघ."

चित्रात रुपेरी ढाल होती, तीन लांडगे होते आणि मधोमध सोनेरी पेंढीची छोटी लाल ढाल होती.

"तुला नवल नाही वाटलं?"

"वाटलं तर! त्यांच्या लग्नाची बग्गी तुझ्या नवऱ्याने आणि मीच रंगवली होती. तिच्यावर अर्धं-अर्धं आहे. मी म्हटलं, सर, बग्गीसुद्धा बदलायची का? तर म्हणाले, बग्गी लोकांसाठी आहे, स्टर्मन. हा देवासमोर टांगला जाणार."

"जागा बदलली, एवढंच ना?" एमसने रस्त्यात विचारलं.

खाणावळीत हेस्टरने पुढ्यातलं मटण अर्धं टाकलं, तेव्हा कुठे एमसला कळलं की प्रकरण वाईट आहे.

सोमवारी दुपारी दिवाणखान्यात सगळे जमले. लायोनेल शेकोटीपाशी उभा, पाद्रीबुवा दोन खुर्च्यांवर, डॉर्कस फिलिपाबाईंच्या मागे.

"बाईसाहेब," हेस्टर म्हणाली, "तुम्ही एक नाव मागितलंत. ते मी देईन. पण त्याच्याबरोबर जे येईल ते तुम्ही मागितलेलं नाही. अजून वेळ आहे. नको असेल तर मी गाडी जोडायला सांगते आणि जाते."

"बोला."

"मिस्टर लायोनेलनी हे केलेलं नाही. ते मला अर्धी ढाल खरवडण्याबद्दल बोलले. तुमचं चिन्ह मधोमध होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ज्याने फलक पाहिलाच नाही तो नेमकी ती जागा कशी खरवडेल? पाद्रीबुवांचा अंगठा तुमच्यासमोर आहे. आणि अपमान करणारा माणूस खाली कापड अंथरत नाही. हा अपमान नव्हता. कोणीतरी काहीतरी लपवत होतं."

"काय लपवत होतं?"

"जागा. बायकोचं चिन्ह नवऱ्याच्या शेजारी असतं, तोवर तिच्या माहेरी घराण्याचं नाव चालवणारं कोणी आहे. ते मधोमध येतं, ती माहेरची शेवटची उरली की. या काचेतल्या आजीचं चिन्ह भाऊ बुडाल्यावर आलं, तसं."

पाद्रीबुवांच्या हातातली दुर्बीण मांडीवर पडली. त्यांना कळलं होतं.

"जर्व्हेसने चूक केली असेल," फिलिपाबाई हळूच म्हणाल्या.

"सर जर्व्हेस ढालीत चूक करणारे नव्हते, बाईसाहेब. ते बायकोशी खोटं बोलले, जगाशी बोलले, बग्गीच्या दारावरसुद्धा ते खोटं तसंच ठेवलं. पण शेवटच्या ढालीवर त्यांना खोटं काढवेना. मेल्यावर खरं सांगायला धीर लागत नाही."

"रोलंडची पत्रं आहेत माझ्याकडे! गेल्या आठवड्यातलं..."

"त्यांतल्या एकाही पाकिटावर तिकीट नाही, शिक्का नाही. तिकिटं पाद्रीबुवांसाठी कापली म्हणता. त्यांना एकही मिळालं नाही. ती पत्रं समुद्रावरून आलीच नाहीत. सर जर्व्हेस गेल्यावरही एक आलं, म्हणजे लिहिणारा हात या घरात अजून आहे. रोलंडच्या शेजारी बसून, त्याच मास्तरकडे अक्षर गिरवलेला हात. पाच-सहा वर्षांपूर्वी त्या हाताने एकाएकी स्वतःचं वळण सोडलं आणि छापल्यासारखं लिहायला लागला. कारण खरं वळण दुसरीकडे लागत होतं."

कोणीच मागे वळून पाहिलं नाही. फिलिपाबाईंनीसुद्धा नाही.

"पाद्रीबुवा शुक्रवारी दुर्बीण घेऊन येणार, हा निरोप घेणारी तीच," हेस्टर म्हणाली. "तुम्हाला ढाल वाचता येत नव्हती. त्यांना येत होती."

फिलिपाबाईंनी विचारलं, "कधी?"

"सहा वर्षं झाली, मार्चमध्ये," मागून डॉर्कस म्हणाली. "ताप. न्यूझीलंडच्या डनीडनला. सरांना पत्र आलं. तेव्हा तुमचं बाळ जाऊन आठवडाच झाला होता. डॉक्टर म्हणाले, आता आणखी धक्का नको. सर माझ्या पाया पडले, बाईसाहेब. म्हणाले, एकच पत्र लिही."

"एकच."

"मग तुम्ही उत्तर लिहिलंत."

"आणि सहा वर्षं तू माझे केस विंचरलेस." फिलिपाबाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो ऐकवत नव्हता. "मी तुला ती पत्रं मोठ्याने वाचून दाखवायची. तू ऐकायचीस. हसायचीस योग्य जागी!"

"जहाजावर चढल्यावर सांगणार होते. देवाशपथ. इथून लांब गेल्यावर."

"ते सफरचंदाच्या झाडांचं पत्र. आमच्या बागेतली चोरी, कुंपणात अडकलेला त्याचा सदरा. ते जर्व्हेसने सांगितलेलं की तुझं?"

"माझं. सरांना ते ठाऊक नव्हतं. ते आम्हा तिघांनाच... लिहिताना रोलंडसाहेब शेजारी बसल्यासारखे वाटायचे. नुसतं तुमच्यासाठी नव्हते लिहीत मी."

लायोनेल काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. पाद्रीबुवाही भिंतीचा आधार घेत त्याच्यामागे निघाले. हेस्टरने एमसच्या बाहीला धरून त्याला उठवलं. आपण एका बाईचा भाऊ मारून निघालो आहोत असं तिला वाटत होतं, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

"ट्रंकेतलं तुझं काय ते काढून घे," फिलिपाबाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत या घरात दिसू नकोस."

"हो, बाईसाहेब."

डॉर्कस दारापर्यंत गेली. हेस्टरने तिच्यासाठी दार धरून ठेवलं होतं.

"थांब."

फिलिपाबाई अजूनही शेकोटीकडेच बघत होत्या.

"त्याच्या भुवईवर खोक होती. डाव्या की उजव्या? मघापासून आठवतेय, आठवतच नाही."

"डाव्या, पिपा," डॉर्कस म्हणाली. लहानपणचं ते नाव तिच्या तोंडून कसं निघालं ते तिलाही कळलं नाही. "तबेल्याच्या कडीची."

"जा म्हटलंय मी तुला. आणि तू गेलीस तर हे विचारायला मला जगात कोणी नाही." फिलिपाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "काय केलंस गं तू हे!"

हेस्टरने बाहेर येऊन दार ओढून घेतलं. डॉर्कस आतच राहिली होती.