डाव्या कानातला चेलो

लोहाऱ्याच्या श्रावण पेटीवाल्याचा डावा कान तीन वर्षांपूर्वी एका तापात गेला, आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती: त्याला आणि त्याच्या बायकोला. पेट्या सुरात लावणाऱ्याचा कान गेला म्हणजे न्हाव्याचा हात थरथरायला लागला असं समजा. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून श्रावण उजव्या कानावर धंदा रेटत होता. भजनी मंडळासमोर मान अशी तिरपी करून बसायचा, की लोकांना वाटे बुवांची समाधी लागली.

राजूरच्या विमलताईंचं बोलावणं आलं ते मे महिन्यात. काम पियानोचं. श्रावणनं जन्मात दोनच पियानो लावले होते, पण 'जमत नाही' हा शब्द त्याच्या जिभेला वळत नसे. सकाळच्या बसनं वणी, तिथून ऑटो, आणि दहाच्या सुमारास तो कोळशाच्या धुळीनं काळवंडलेल्या त्या कौलारू घराच्या पायरीवर.

विमलताई पंचाहत्तरीच्या, मिशनच्या शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांचे यजमान नानाजी खाणीत सर्व्हेअर होते आणि चेलो वाजवत. चेलो म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन. खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरायचं. आवाजही माणसाचाच, घोगरा. चर्चहून आल्यावर दर रविवारी चार वाजता दोघं जोडीनं वाजवत. त्या पियानोवर, ते चेलोवर. चाळीस वर्षं. नानाजी जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

"मुलगी पुढच्या हप्त्यात नागपूरले नेऊन राह्यली मले," ताई म्हणाल्या. "पाचवा मजला. पियानो काही चढत नाही तिथं. बोटं अशी वाकली. एकदाच वाजवतो आमचं ते जोडीचं. माझा भाग. पण नीट सुरात पाहिजे, श्रावण."

"सुरात म्हणजे? पाण्यासारखा करून देतो, ताई!"

"नानाजीही हेच म्हणे. अन् त्यांचा चेलो सदा केसभर उतरलेला." ताई हसल्या. "रिवाज असा, की पियानोनं सूर द्यायचा अन् चेलोनं घ्यायचा. पियानोले दोनशेच्या वर तारा, त्याले चार. चारानं वाकावं की नाही? ते म्हणे, राजूरच्या उन्हात वर ताणली की माझी तार तुटते, एखाद्या दिवशी तूच ये ना खाली. मी काहून जाऊ? चाळीस वर्षं भांडलो. मी नाहीच गेलो."

ठोकठोक ऐकवत नाही म्हणून त्या शेजारी बेबीताईंकडे जाऊन बसल्या.

श्रावणनं पियानोचं झाकण उघडलं. मूळ सुरासाठी त्याच्याकडे बापाच्या हातची एक पितळी पट्टी होती. ती ओठात धरून फुंकायची, उजव्या कानानं ऐकायची आणि बाकीचं घर त्यावर बांधायचं. पंखा बंद; लाइट गेलेली. बाहेर ऊन असं, की कावळाही सावलीचा पत्ता विचारत फिरत होता. घरात कोळशाचा आणि जुन्या लाकडाचा वास.

त्यानं पट्टी ओठात धरली आणि खाणीत दुपारचा सुरुंग उडाला. भांडी खणखणली, श्रावण दचकला आणि पट्टी ओठातून सुटून तारांमध्ये पडली. पार तळाशी. चिमट्यानं निघेना, तारेच्या हुकानं निघेना. एका कानाचा माणूस, परक्या गावात, हाती सूर नाही. आता ताईंसमोर काय सांगायचं? घाम पाठीवरून कमरेपर्यंत गेला.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत कोणीतरी श्वास घेतला.

आणि सूर लागला. लांब, जाड, न थरथरणारा. चेलोचा.

'ताई आल्या वाटते. अडलेलं पाहून सूर देऊन राह्यल्या,' असं म्हणत श्रावणनं देवाचे आभार मानले आणि चावी फिरवायला लागला. सूर संपला की पुन्हा श्वास, पुन्हा सूर. राळेचा वास येत होता, चेलो वाजवायच्या गजाला ताजी चोळल्यासारखा. तीन वर्षांत इतकं स्वच्छ त्यानं काही ऐकलं नव्हतं. मधली सप्तकं लावून होत आली तेव्हा घाम पुसताना त्यानं उजव्या कानात रुमालाचं टोक घातलं.

पियानो ऐकू येईनासा झाला. चेलो तसाच.

रुमाल तिथंच राहिला. हात थांबला. पण पियानोच्या वरच्या पट्ट्या बाकी होत्या, आणि सूर... सूर वाट पाहत होता. श्रावणनं रुमाल काढला आणि उरलेलं काम पुरं केलं. भ्यायला त्याला वेळच झाला नाही म्हणा, किंवा हिंमत.

चारला ताई आल्या. उभ्या उभ्याच पियानोची एक पट्टी दाबली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा... खाली आहे. केसभर." त्या हळूच खुर्चीवर बसल्या. "श्रावण, हा सूर कोणी दिला तुले?"

"तिकडून... तुमीच नाही का?"

ताईंनी पलीकडची खोली उघडली. कोपऱ्यात काळ्या कापडाखाली चेलो. कापड काढलं. लाकडावर एकही तार नव्हती.

"चारही तारा मी त्यांच्यासंगं ठेवल्या," त्या म्हणाल्या. "शवपेटीत. छातीवर."

मग श्रावणनं जे बायकोपलीकडे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मेला कान, सुरुंग, पडलेली पितळी पट्टी, श्वास. ताईंनी ना ओरडा केला, ना क्रूस धरला. त्या पियानोसमोर येऊन बसल्या.

"मले त्यांचं काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "तू बस इथं. मी वाजवतो. ते कुठं आहेत, सांगत जा."

वाकलेली बोटं चालू लागली. उजव्या कानात पियानो, मध्ये मध्ये रिकामा; आणि डाव्या कानात त्या रिकाम्या जागा भरत जाणारा चेलो. श्रावण पुटपुटत होता: "आले... वर गेले... आता तुमाले देऊन राह्यले..." एका ठिकाणी ताई पुढे निघाल्या आणि त्यानं हात वर केला.

"थांबा, ताई. ते थांबले... श्वास घेऊन राह्यले."

"इथंच," ताई म्हणाल्या. "इथंच मी नेहमी पळत होतो."

त्या थांबल्या. मग दोघं मिळून शेवटापर्यंत गेले. ताई रडत होत्या, पण बोट चुकलं नाही.

श्रावणच्या कानाची गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. दिवाळीआधी नागपुरात त्या देवाघरी गेल्या. मुलीनं फोन करून कळवलं. श्रावणनं त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. मनात म्हणाला, झालं, आता दोघं भेटले, कान आता मोकळा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो महागावच्या मंडळाची पेटी उघडून बसला होता. भाता भरला, पहिली पट्टी दाबायला बोट ठेवलं आणि डाव्या कानात, अगदी जवळ, कोणीतरी श्वास घेतला.

सूर लागला नाही. श्वास सुटलाही नाही.

विमलताई तर पोचल्या. मग हा श्वास कोणासाठी थांबला?

पट्टी दाबली की तो श्वास सुटेल आणि आपल्या जोडीला सूर लागेल, या धास्तीनं श्रावणनं अजून ती दाबलेली नाही. पेटी तशीच उघडी आहे. महागाववाले रोज विचारतात, "बुवा, काहून थांबले?" तो मान तिरपी करतो आणि हसतो.