उलटं कडं

औशाबाहेरच्या माळावर एक छोटं रडार आहे. आलेला पाऊस, न आलेला पाऊस आणि गारांचा ढग, एवढंच बघायला बसवलेलं. दयानंद तिथला ऑपरेटर. आपल्याला पावसाची वाट बघायचा पगार मिळतो, असं तो हसून सांगायचा. तेव्हा त्याला हसायला येत होतं.

लातूरच्या कॉलेजातली लुबना अभ्यासासाठी तिथं यायला लागली तेव्हा त्याला कळलं की या यंत्राला वटवाघळंही दिसतात. रस्त्याकडेच्या जुन्या चिंचेवर हजारभर तरी टांगलेली असायची. दिवस मावळला की सगळी उंबरं खायला एकदम उठत. पडद्यावर चिंचेच्या जागी ठिपका उमटे, ठिपक्याचं कडं होई आणि ते चहूकडे पसरत जाई. लुबना ते रोज टिपून ठेवी. ती नसली की दयानंद यंत्राला चाळणी लावून टाकी. चाळणी लावली की पडद्यावर पाऊस तेवढा राहतो. पाखरं, वटवाघळं, टोळ, सगळं पुसलं जातं. हवामानवाल्यांच्या लेखी तो कचराच.

मेच्या सुरुवातीला लुबना परीक्षेसाठी नांदेडला गेली आणि इकडे रस्ता रुंद करणाऱ्यांचा माणूस आला. चिंच पाडायची होती. झाडावर वस्ती आहे का, तेवढं रडारवर बघून लिहून द्या म्हणाला. दयानंद चित्रं उघडतो न उघडतो तोच घरून फोन. त्याच्या बायकोला, शिल्पाला, आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या. माणसाचं डोकं अशा वेळी ठिकाणावर असतं का? चाळणी काढायची राहिली. महिनाभराचं आभाळ त्याला स्वच्छ दिसलं. रोजची चिंच त्या घाईत आठवलीही नाही; पडद्यावर दिसलं तेच त्यानं लिहिलं, ‘वटवाघळे – निरंक’, खाली सही ठोकली आणि तो दवाखान्याकडं पळाला.

चिंच दुसऱ्याच दिवशी आडवी झाली. त्या दिवसांत माद्या पिलं छातीशी धरून असतात. मोठी उडून गेली. पिलं सुटून फांद्यांखाली राहिली.

नांदेडहून परतल्यावर लुबनानं एवढंच विचारलं, “भाऊ, चाळणी काढली होती का?” “राहिली,” दयानंद म्हणाला. तिनं पुन्हा विषय काढला नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

बाळ तीन आठवडे लातूरला काचेच्या पेटीत होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, वजन आता घटता कामा नये. घटलं तर आमच्या हातात फारसं काही नाही. दोघा नवराबायकोचा जीव तेव्हापासून त्या वजनकाट्याला टांगलेला.

बाळ घरी आलं त्याच संध्याकाळी लुबनानं दयानंदला पडद्याजवळ बोलावलं. चाळणी काढलेली होती. चारी बाजूंनी एक पुसट कडं दिसत होतं.

“भाऊ, हे पसरून न्हाई राहिलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मिटून राहिलंय.”

खरंच, कडं आतल्या बाजूला आवळत होतं. चिंचेच्या जागेवर नव्हे, औशावर. लुबनानं खाली नकाशा लावला. कडं किल्ल्यामागच्या एका गल्लीवर येऊन मिटलं आणि ठिपका झालं.

“तुमचं घर तिकडंच हाय ना, भाऊ?”

 दयानंदनं घरी फोन लावला.

“शिल्पे, आभाळात काही दिसून राहिलं का?”

“न्हाई ओ. चांगलं निवळलेलं हाय. का बरं?”

“बाळ?”

“झोपलंय. आज लई गुणानं निजलं.”

रोज दिवेलागणीला तेच होऊ लागलं. पाचव्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंनी बाळाचं वजन केलं. चांगलं अडीचशे ग्रॅमनं वाढलेलं. दयानंद पेढे घेऊन घरी आला, पण शिल्पानं पुडा उघडलासुद्धा नाही.

“चार दिस झाले, हे माझं पीतच न्हाई,” ती कुजबुजली. “तोंड फिरवून घेतंय. दूध दाटून मला ताप भरलाय... मग ह्याचं पोट कशानं भरून राहिलंय?”

त्यानं बाळाच्या ओठांशी नाक नेलं. दुधाचा वास आला. त्यामागून पिकलेल्या उंबराचा.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं दिवस कलायच्या आत दारंखिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली. फटींत चिंध्या कोंबल्या. संध्याकाळी लुबनाचा फोन आला. “कडं मिटून न्हाई राहिलं आज. तुमच्या गल्लीभोवती नुसतं फिरून राहिलंय, भाऊ...”

बाळ रडलं ते घसा बसेपर्यंत. आईचं घेईना, वाटी-चमच्यानं पाजलेलं पोटात ठेवीना. लातूरला नेलं, डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, तरी तीच गत. डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा घरी आणलं तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. रडायचंही थांबलं होतं. दयानंदला वाटलं, आपणच आपल्या हातानं याला संपवतोय. चिंचेखाली झालं तेच पुन्हा.

त्याच दिवशी, ऊन उतरताना, शिल्पा म्हणाली, “खिडकी उघडा.”

“अगं, कोण येतं ते...”

“मला न्हाई विचारायचं कोण येतं ते. माझं लेकरू जगलं पायजे. उघडा ओ.”

त्यानं चिंध्या काढल्या. पल्ले उघडले. पाळणा खिडकीजवळ होता. दोघंही त्याच्याकडं पाठ करून भुईवर बसली. शिल्पाच्या हातात पाळण्याची दोरी होती. चालू ठेवलेल्या फोनवरून लुबना हळूच बोलली, “मिटून राहिलंय, भाऊ... मिटलं. ठिपका झाला.”

पंखाचा आवाज नाही. वाराही नाही. फक्त उंबराचा वास खोलीत भरला आणि पाळण्याची कडी करकरली. मग घोट ऐकू येऊ लागले. सावकाश, भुकेल्या लेकरानं घ्यावेत तसे, एकामागून एक. दयानंदच्या डोळ्यांना धार लागली. भीती होतीच, पण त्याहून मोठं सुख होतं. लेकरू पीत होतं.

बराच वेळ गेला. शिल्पानं सवयीनं दोरी ओढली आणि तिचा हात थबकला.

“अहो...”

“काय?”

“पाळणा... हलका लागून राहिलाय.”

घोट अजून ऐकू येत होते. पण आता ते खिडकीबाहेरून, वरून येत होते.