खुर्चीखालच्या गाठी

जिना अरुंद होता. ती वरून तरातरा उतरत होती आणि खालून चार खुर्च्या वर येत होत्या. खुर्च्यांना बैठक नव्हती, नुसत्या लाकडी चौकटी. मागे माणूस असणार, पण दिसत होते ते त्याचे बूट.

"जरा मागे जाता का?" खुर्च्यांमागून आवाज आला.

"मी आधी आले."

"खरंय. पण तुमच्या हातात नुसता राग आहे. माझ्या हातात चार खुर्च्या आहेत."

"राग हलका असतो असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

एका रिकाम्या चौकटीतून चेहरा वर आला. पस्तिशीचा, दाढी वाढलेली, कपाळावर घाम. त्याने तिच्या मनगटापर्यंत बरबटलेल्या हातांकडे पाहिलं.

"मातीकामाच्या वर्गातून पळालात वाटतं."

"पळाले नाही. निघाले."

"भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज इथपर्यंत आला."

"ते माझ्या हातून सुटलं."

"हो ना, माती फार निसरडी असते." तो हसला नाही, पण त्याचे डोळे हसले. "तिसऱ्या खोलीत आम्ही खुर्च्या विणतो. वेत. तिथे फेकून मारण्यासारखं काही नसतं. या बघायला."

ती मागे सरली ती केवळ त्याला वाट द्यायला, असं तिने नंतर वहिनीला सांगितलं.

घरात तिला चिमणी म्हणत. ती तीन वर्षांची असताना भावाने ठेवलेलं नाव. तेव्हा शोभत असेल. आता ती बत्तिशीची होती आणि तीन महिने गांधीलमाशीसारखी घरभर भणभणत होती. "हिला चहा हवा का विचारायचं तर दाराआड उभं राहून विचारावं लागतं," वहिनी म्हणायची.

चिमणी रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायची. आठ वर्षं घेतले. मग एका दुपारी एका मुलाचा फोन आला, वडील पडलेत, श्वास घेत नाहीत. ती त्याला छाती कशी दाबायची ते सांगू लागली, त्याच्याबरोबर आकडे मोजू लागली, आणि चौदावर तिचाच श्वास अडकला. हात इतके थरथरले की पत्ता टाइप होईना. शेजारच्या मैत्रिणीने हळूच तिच्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. वडील वाचले. सगळे चिमणीला म्हणाले, काळजी करू नकोस. साहेबांनी रजा दिली, एकदा वाढवली, आणि आता बजावलं, पुढच्या महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत डॉक्टरांचं पत्र आण, नाहीतर तुला रेकॉर्ड रूममध्ये बसवतो. कायमचं.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिलं, 'हाताला काम.' चिमणीला ते वाचून जास्तच राग आला. लोकर आणली, तर सुई वाकली. मातीचं काय झालं ते त्या भिंतीला विचारा.

शनिवारी ती तिसऱ्या खोलीत गेली, तीही रागातच. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती खोली. मध्ये पाण्याची बादली, तिच्यात भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या. भोवती पाचसहा जण आपापली खुर्ची मांडीशी धरून बसलेले. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा, एक नर्स, परीक्षेला घाबरणारी एक मुलगी. ओल्या वेताचा वास, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तिला ते आवडलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"मी डावखुरी आहे," ती म्हणाली. भांडण काढल्यासारखंच.

"मग समोर बसा. मी उजव्याने करतो, तुम्ही आरशात पाहिल्यासारखं करा."

"आणि सांगून ठेवते. एक ओळ जरी वाकडी आली ना, तर पुन्हा येणार नाही. आणखी एका गोष्टीत नापास व्हायचं त्राण नाहीये माझ्यात."

खुर्चीवाल्याने मान हलवली. हेच वाक्य तो मनाला लावून घेईल, हे तिला तेव्हा कुठून कळणार.

चौकटीला चारी बाजूंनी भोकं. पट्टी एका भोकातून वर, समोरच्या भोकातून खाली. आधी उभ्या ओळी, मग आडव्या, मग तिरक्या. पट्टी सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची, आणि टोकं खुर्चीखाली गाठ मारून बंद करायची. खुर्ची दोघांच्या मध्ये. पहिल्या शनिवारी चौकटीतून तिला त्याचे गुडघे दिसत, त्याला तिचे.

"चकचकीत बाजू वर," तो म्हणे.

"माहितीये."

"मग खाली का?"

"...माहिती नव्हतं."

कंट्रोल रूमची नोकरी, रजा, शुक्रवारचं पत्र, एवढं तिने त्याला सांगून टाकलं होतं. बोटाला बोट लागे तेव्हा दोघंही पट्टीकडे पाहत. ती ओरडे, "ओढता किती जोरात!" तो म्हणे, "ढिलं ठेवलं तर बसणारा खाली जाईल. मग तुम्हीच फोन कराल रुग्णवाहिकेला." तिला हसू येई आणि हसू आल्याचाच राग येई.

पण एक गोष्ट खरी. दर शनिवारी ती खुर्ची पाहायची आणि गेल्या वेळच्या ओळी ताठ, सरळ. तिला स्वतःलाच नवल वाटे. इतकं नीट जमलं होतं आपल्याला? ती झोपायला लागली. वहिनी दारातून आत येऊन चहा विचारू लागली.

सहाव्या शनिवारी खुर्ची पुरी झाली. सोमवारी चिमणीने ती डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून चालत दवाखान्यात नेली. पत्र आणायला, शुक्रवारच्या आत.

डॉक्टरीणबाईंनी बैठकीवरून हात फिरवला. "सुरेख. एकही ओळ वाकडी नाही." त्यांनी पत्राचा कागद ओढला आणि पेन उघडलं.

"खालून बघा," चिमणी ऐटीत म्हणाली. "खरं काम खाली असतं." तिने खुर्ची उलटी केली.

आणि ती खाली वाकली.

कडेच्या काही गाठी डावीकडे पिळलेल्या होत्या, डावखुऱ्या हाताच्या. तिच्या. बाकी सगळ्या, ओळीनं, उजवीकडे पिळलेल्या.

"थांबा," ती म्हणाली. "सही करू नका. ही खुर्ची माझी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा तेच केलंय कोणीतरी."

त्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. तो जुन्या आरामखुर्चीची बैठक कापत होता. तिने खुर्ची त्याच्यासमोर उलटी आपटली.

"या गाठी कोणाच्या?"

त्याने पाहिलं. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "माझ्या."

"किती?"

"दुसऱ्या शनिवारी चौथी ओळ दोन भोकं चुकली होती. ती रविवारी उसवून घातली. मग दर रविवारी..."

"आजोबांच्या खुर्चीच्या ओळी उसवल्यात?"

"नाही."

"नर्सच्या?"

"त्यांची तर पार नागमोडी आहे. तशीच आहे."

"मग माझ्याच का? मी काय मोडकी आहे?"

"तुम्ही म्हणाला होतात, वाकडी आली तर येणार नाही."

"मग?"

"मग काय..." त्याने कात्री खाली ठेवली. "तुम्ही यावं, असं वाटत होतं."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी या वाक्याने लाजून तिचे कान तापले असते. आज रागाने अंग तापलं.

"ऐका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढत गेला. "त्या दिवशी माझ्या कानावरून फोन काढून घेतला. किती हळू काढला, किती प्रेमाने. चौदापर्यंत मी मोजलं होतं. पंधरा दुसरीने म्हटलं. त्या मुलाचे वडील वाचले आणि मला आजतागायत माहीत नाही की मला पंधरा म्हणता आलं असतं की नाही. तेव्हापासून मला कोणी काही पुरं करू देत नाही. वहिनी माझ्या हातातून सुरी घेते. भाऊ गाडीची किल्ली घेतो. आणि तुम्ही... तुम्ही तर माझी चूकसुद्धा घेतलीत. ती तेवढी एक माझी होती."



"चुकलो," तो म्हणाला. मग त्याने कात्री उचलली आणि मुठीची बाजू तिच्याकडे करून पुढे धरली.

तिने सगळी बैठक कापली. त्याच्या ओळी, आपल्या ओळी, सहा शनिवार. पट्ट्या फरशीवर पडल्या. पुन्हा रिकामी चौकट, पुन्हा पलीकडे त्याचे गुडघे.

"शुक्रवारपर्यंत होईल?" त्याने विचारलं.

"रोज दुपारी येईन. तुम्ही समोर बसायचं. बोलायचं नाही."

"आणि हात?"

"हात मांडीखाली दाबून बसा."

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. खुर्चीवाला शाळेतल्या खोडकर पोरासारखा हातांवर बसून राहिला. गिऱ्हाईक आलं की म्हणे, "जरा थांबा, मला शिक्षा झालीय." तिचे हात थरथरत. थरथरत्या हातांनी ती पट्टी ओढे, खुंटी ठोके, गाठ मारे. बुधवारी तिसरी आडवी ओळ घसरली. त्याचे खांदे पुढे आले.

"हलायचं नाही."

"पण ती..."

"दिसतंय मला."

तिने ओळीकडे पाहिलं. उसवता आली असती. तिने पुढची पट्टी बादलीतून काढली आणि पुढच्या भोकात घातली. नंतर कधीतरी तिच्या लक्षात आलं की आपण मोजत होतो. तेरा, चौदा, पंधरा, सोळा... आणि थांबलो नव्हतो.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी चष्मा सारखा केला. "ही ओळ वाकडी आहे."

"आहे."

"हात अजून थरथरतात?"

"थरथरतात. तरी गाठ बसते."

त्यांनी खुर्ची उलटी केली. सगळ्या गाठी डाव्या. मग त्यांनी पत्र लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला.

पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून ती खुर्चीसकट दुकानात आली. तो उभाच होता, सकाळपासून उभा असल्यासारखा.

"सोमवारपासून फोनवर," ती म्हणाली.

"छान." त्याने घसा खाकरला. "म्हणजे आता शनिवारी येणं... कठीणच."

"अजून राग गेलेला नाही माझा."

"नसेलच."

"लवकर जाणारही नाही."

"मला कुठे घाई आहे?"

तिने खुर्ची सरळ ठेवली. "बसा."

"हातांवर?"

"खुर्चीवर."

तो बसला. जरा इकडे सरला, जरा तिकडे. "इथे एक टोचतंय."

"तिसरी आडवी."

"तेवढी एक काढून..."

"हात लावून बघा."

त्याने दोन्ही हात मुकाट मांडीखाली घातले आणि वर पाहिलं. "मग कसं करायचं? रोज टोचणार ती."

चिमणीने बादलीतल्या पाण्यात हात बुडवले, पदराला पुसले आणि त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली. गुडघ्याला गुडघा लागला. या वेळी मध्ये चौकट नव्हती.

"सवय करून घ्या," ती म्हणाली. "मी काही ती काढायची नाही. आणि मीही जायची नाही."