झऱ्याची वाट आणि साहेबांचा मफलर

“थांब, थांब! आता ‘नका’ कुठे लिहिणार?” ताई कमरेवर हात ठेवून ओरडली.

भोंगा ब्रश घेऊन दोन पावलं मागे सरकला आणि त्यानं आपल्या कलाकृतीकडे पाहिलं. पठारावरच्या गवतात पसरलेल्या कापडावर लालभडक अक्षरं झळकत होती: ‘आमच्या झऱ्याला हात लावू’. आणि तिथेच कापड संपलं होतं!

“वा रे वा! कंपनीला आमंत्रणच दिलंस की!” चिंगी पोट धरून हसत गवतात लोळली.

“अक्षरं मोठी काढ, असं तूच म्हणालीस ना ताई?” भोंगा गुरगुरला. त्याचं गुरगुरणंसुद्धा खालच्या गावात ऐकू गेलं असेल. उगाच नाही त्याला सगळे भोंगा म्हणत!

ताई आणि चिंगी या सख्ख्या बहिणी. दर सुट्टीत त्या मावशीकडे यायच्या. भोंगा हा मावशीचा एकुलता एक मुलगा. मावशी लोकर रंगवायची. पठाराच्या पायथ्याशी तिचा छोटासा कारखाना होता. त्यात मोठमोठ्या कढया, वाळत घातलेल्या लडी आणि सगळीकडे ओल्या लोकरीचा वास! कारखान्यामागच्या कातळातून एक झरा थेट तिच्या दगडी टाकीत उतरायचा. त्याच पाण्यात लडी खळबळून निघायच्या. गावही तेच पाणी प्यायचं.

आता एक कंपनी पठारावर पवनचक्क्या उभारणार होती. पवनचक्क्यांशी गावाचं वैर नव्हतं. वीज कोणाला नको असते? पण पहिला मनोरा बसणार होता नेमका खळग्यावर! पठारावरचा एक बारीक ओहोळ या खळग्यात शिरायचा आणि दगडांच्या सांदीत गडप व्हायचा. तो खळगा दगड-सिमेंटनं बुजवायचा, असं ठरलं होतं.

“हेच पाणी खाली आपल्या झऱ्याला येतं,” असं मावशी परोपरीनं सांगत होती.

“छे! ते पलीकडच्या दरीत जातं. पुरावा असेल तर दाखवा,” कंपनीचे साहेब म्हणायचे. त्यांनी हे गाडीतून न उतरताच ठरवलं होतं.

पुरावा कोणाकडे होता? जमिनीच्या पोटात कोण जाऊन बघणार!

“झरा आटला तर कढया विकायच्या आणि शहरात एखादी खोली बघायची,” मावशी परवा जेवताना म्हणाली होती. ती रडून बोलली असती तर मुलांना इतकं वाईट वाटलं नसतं. पण तिनं ते भाजी वाढता वाढता शांतपणे सांगितलं होतं.

“चला, खाली जाऊन आणखी कापड मागू,” ताई म्हणाली. “आणि हा मावशीकडचा उरलेला रंग?”

“कोण वाहून नेणार परत?” असं म्हणत भोंग्यानं चिडून बादली खळग्यात उपडी केली. लाल पाणी गुळगुळ करत दगडांत नाहीसं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या किंचाळीनं तिघं अंथरुणातून ताडकन उठले.

“कोणी केला हा उपद्व्याप?”

टाकीच्या काठावर मावशी उभी होती. तिच्या हातातली लड काल रात्री तुरटीत उकळून टाकीत ठेवली तेव्हा पांढरीशुभ्र होती, आता ती गुलाबी झाली होती! टाकीतल्या सगळ्याच लडींची तीच गत होती. पाणी मात्र नितळ, तळ दिसेल इतकं!

“आई, शपथ! आम्ही टाकीकडे फिरकलोसुद्धा नाही!” भोंगा गरजला.

“मग काय भुतानं रंग कालवला?”

टाकीवर लाकडी झाकण होतं. झाकणाला कुलूप होतं. किल्ली मावशीच्या गळ्यात. कुलपाला साधा ओरखडाही नव्हता.

“ही कंपनीची चाल आहे!” भोंग्यानं निकाल देऊन टाकला. “मी त्यांना सोडणार नाही!”

“आधी तपास, मग आरडाओरडा,” ताई म्हणाली.

तिघांनी झाकणाची फट न् फट तपासली. चिंगीनं मांजराचे पायसुद्धा उलटेसुलटे करून पाहिले. मांजर वैतागून कढईखाली जाऊन बसलं. शेवटी चिंगीनं गुलाबी लड उचलली आणि अंगणात वाळत घातलेल्या त्या अर्धवट फलकापाशी नेली.

“ताई, हा रंग तोच आहे गं. फक्त फिका झालाय.”

ताईनं लडीकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, “भोंग्या, काल उरलेला रंग तू कुठे ओतलास?”

“खळग्यात. तूच तर…” भोंग्याचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज बसला!

तिघांनी एकदमच मान वर करून पठाराकडे पाहिलं.

“अय्या!” चिंगी कुजबुजली. “म्हणजे चोर आपणच!”

“मावशी! रागाव, मार, काय हवं ते कर, पण आधी ऐक!” ताई धावत सुटली.

मावशीनं पहिल्यांदा भोंग्याचा कान धरला. मग ताईचं बोलणं पुरतं तिच्या लक्षात आलं, आणि कान धरलेला हात तसाच राहिला. ती पालथ्या कढईवर मटकन बसली. तिचे डोळे भरून आले.

“लडी नासल्या त्याचं काही नाही रे बाळांनो. पण साहेब म्हणतील, पोरांनी टाकीतच रंग ओतला. मग?”

“मग सगळं साहेबांनाच करू दे!” ताई म्हणाली.

त्याच दुपारी गावाच्या सभागृहात बैठक होती. साहेब पुढे बसले होते. पठारावर वारा फार म्हणून त्यांच्या गळ्यात कायम एक पांढराशुभ्र लोकरी मफलर असायचा. मोठी माणसं तावातावानं बोलत होती आणि साहेब शांतपणे मान डोलावत होते.

ताई उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता.

“साहेब, आम्ही पुरावा दाखवतो. रंग तुम्ही निवडा. खळग्यात तुम्हीच ओता. टाकीला कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात. आणि टाकीत ठेवायची पांढरी लोकरही तुमचीच!”

“माझी? माझ्याकडे कुठली आली लोकर?” साहेब हसले.

चिंगीनं त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवलं. सभागृहात हशा पिकला!

“हा? हा माझ्या आईनं विणलाय!” साहेबांनी मफलर घट्ट धरला.

“पण साहेब, पाणी पलीकडच्या दरीत जातं ना?” भोंगा अगदी साळसूदपणे म्हणाला. “मग तुमच्या मफलरला काय होतंय?”

आता साहेब अडकले! सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी मफलर काढून ताईच्या हातात दिला.

“होऊन जाऊ दे. रंग जांभळा!”

रंग धरावा म्हणून मावशीनं मफलर साहेबांच्या डोळ्यांदेखत तुरटीच्या पाण्यात उकळला. टाकी रिकामी करून घासून घेतली. मग मफलर आत ठेवला. साहेबांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि आपल्या ड्रायव्हरला झाकणावरच बसवलं. त्यानंतर अर्ध्या गावासमोर त्यांनी जांभळ्या रंगाची बादली खळग्यात ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. ताईला रात्रभर धड झोप लागली नव्हती. पाणी दुसरीकडे वळलं असेल तर? काल मफलर टाकीत ठेवताना मावशीचे डोळे कसे चमकले होते! ती चमक गेली तर?

झऱ्याचं पाणी टाकीत पडत होतं. स्वच्छ, काचेसारखं!

“कुठाय जांभळा?” साहेब खूश झाले. “मी म्हटलं नव्हतं?”

मागे कोणीतरी उसासा टाकला. ताईनं चिंगीचा हात घट्ट पकडला.

“साहेब, आधी कुलूप काढा,” मावशी म्हणाली.

कुलूप निघालं. साहेबांनी बाह्या सरसावल्या, टाकीत हात घातला आणि मफलर वर काढला.

जांभळा! या टोकापासून त्या टोकापर्यंत झक्क जांभळा!

भोंग्यानं अशी आरोळी ठोकली की पठारावरची पाखरं उडाली आणि सगळं गाव टाळ्या वाजवू लागलं!

“रंग रात्रीच येऊन पुढे गेला, साहेब,” ताई म्हणाली. “लोकरीनं तेवढा धरून ठेवला.”

साहेब मफलरकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली.

“चूक माझी आहे. मी न बघताच बोललो. खळग्याला कोणी हात लावणार नाही. मनोऱ्यांच्या जागा नव्यानं ठरवू, आणि या वेळी तुमच्याबरोबर पायी फिरून.”

“तेवढंच तर आम्ही मागत होतो,” गावच्या प्रमुखबाई म्हणाल्या. त्या एरवी कोणाचं कौतुक करत नसत. पण आज त्यांनी तिघांना पुढे बोलावलं. “आम्ही मोठी माणसं महिनोन्‌महिने नुसती भांडत होतो. पुरावा आणला तो या पोरांनी! गावाला तुमचा अभिमान वाटतो रे!”

मावशीनं तिघांनाही एकदमच कुशीत घेतलं. “कढया आता कुठे जात नाहीत,” ती म्हणाली, आणि या वेळी मात्र ती खुशाल रडली. ताईलाही रडू आलं. आपल्या मावशीचा झरा आपण राखला, याचा तिला इतका अभिमान वाटत होता की छातीत मावेना!

त्या दिवशी फलकाला नवं कापड जोडलं गेलं, आणि भोंग्यानं त्यावर जांभळ्या रंगात ऐटीत ‘नका’ लिहिलं. आता त्याची गरज नव्हती, पण अर्धवट काम ताईला खपत नसे.

साहेब निघाले तेव्हा मफलर जेमतेम वाळला होता. त्यांनी तो गळ्याभोवती गुंडाळला आणि जरा चाचरत विचारलं, “बाई, आईनं विचारलं तर… म्हणजे, हा रंग धुतल्यावर जाईल ना?”

मावशी ताठ उभी राहिली.

“माझ्या झऱ्याच्या पाण्यात चढलेला रंग आहे, साहेब. जन्मात जायचा नाही!”