टाकाऊच हवंय

साहेब, वस्तीच्या विहिरीचं पाणी पिवळं झालं तेव्हा तुम्ही प्रदूषण मंडळाच्या खुर्चीतून उठला नाहीत. मुलामा चढवणारा कारखाना आपलं विष ओढ्यात सोडत राहिला, आणि तुम्ही म्हणालात, “यावर परवडणारा उपाय नाही.” तुम्ही धड काम केलं असतं तर रविराजला प्रज्ञा भेटलीच नसती. तेवढे उपकार मान्य.

शहाण्णव सालची गोष्ट. रविराज एम-एटी गाडीवरून सावेडीच्या बंगल्यांत धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, विकायचा. गावात त्याला ‘कुत्र्याच्या छत्र्यावाला’ म्हणत. त्या दुपारी पाऊस आडवा झोडपत होता, म्हणून तो तुमच्या कचेरीच्या व्हरांड्यात शिरला. आतून एका मुलीचा आवाज आला, “सुरक्षित आहे ना? मग घ्या, एक घोट प्या.”

तुम्ही बाटली परत सरकवलीत. मग ती बाहेर आली. हातात पिवळ्या पाण्याची बाटली, कपाळाला चिकटलेली ओली बट. रविराजनं बघितलं, अन् बघतच राहिला.

“पोत्यात काय आहे?”

“काय न्हाई... अळिंबी काढून झालेला भुसा. टाकायला चाललोय.”

“टाकू नका. मला द्या.”

“ह्यो? लई वास मारतो ओ.”

“भिजलेल्या माणसांचाही मारतो,” ती म्हणाली. मग जराशी हसली.

प्रज्ञा त्याच वस्तीतली. रसायनशास्त्र शिकून कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलेली. वापरलेल्या भुशात अळिंबीचे बारीक धागे माजलेले असतात, पाण्यातले जड धातू ते धरून ठेवतात, असं तिनं वाचलं होतं. रविराजच्या मूठभर भुशानं काचेच्या भांड्यात ते जमलंही. आता अख्खा ड्रम भुशानं भरून विहिरीचं पाणी गाळायचं होतं. तो चालला, की ‘उपाय नाही’ म्हणणारं तुमचं तोंडच बंद होणार होतं.

मग दर रविवारी रविराज पोतं घेऊन वस्तीवर हजर. ती बोलायला लागली की त्याला वाटे, हिच्यापुढं साहेब काय, अख्खी कचेरी उभी राहील.

“तुम्ही ऐकता की नुसते बघता?”

“दोनी जमतं मला.”

“मग धातूचं नाव सांगा.”

“क्रो... क्रोमियम.” तिच्या बांगडीला ओला भुसा चिकटला होता. तो काढायला त्याचा हात पुढं झाला — अन् मागं आला.

ड्रम भरला. रात्रभर पाणी मुरलं. सकाळी सारी वस्ती गोळा झाली. प्रज्ञानं तोटी सोडली, पाणी नळीत धरलं, औषधाचा थेंब टाकला. विष असलं तर जांभळं व्हायचं. झालं... गर्द जांभळं. लोक पांगले. ती ड्रमाला टेकून खाली बसली. तिला असं बसलेलं रविराजनं कधी पाहिलं नव्हतं.

“प्रज्ञाताई... चूक माझी हाय.”

“ताई म्हणू नका. चूक सांगा.”

“ड्रमातला भुसा जुना न्हाई. नवा कोरा हाय, धुऊन वाळवलेला. आमच्या दारातनं तुमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या उरलंसुरलंच दिलं. मीबी तुमच्या हातात टाकाऊच ठेवायचं? जीव धजंना माझा.”

ती त्याच्याकडं वळली. ओठ रागानं आवळले होते, डोळे मात्र भरून आले होते.

“तेव्हा न विचारता पदरात टाकायचे. हे मी पारखून मागितलंय. फरक कळतो?”

“...कळतो.”

“मग जा. सगळ्यात जुना, सगळ्यात घाण वासाचा आणा.”

तो गेला. टेम्पो भरून आला, छातीपर्यंत भुशानं माखून. दोघांनी मिळून ड्रम रिता केला, पुन्हा दाबून भरला. दुसऱ्या सकाळी तिनं थेंब टाकला. नळीतलं पाणी फिकट चहासारखं होतं. ते तसंच राहिलं. जांभळं झालंच नाही.

प्रज्ञानं नळी त्याच्या हातात दिली. बोटं मात्र सोडवून घेतली नाहीत.

“कारखान्याच्या नाकासमोर हा ड्रम मी नेणार. तू येशील?”

ते ‘तू’ रविराजच्या कानात मधासारखं उतरलं. “येनार की. कुटंबी.”

“कुठंबी नको. आधी तुझ्या घरी. तुझ्या आईबापासमोर माझं नाव, माझी वस्ती, माझी जात — एक अक्षर न धुता सांगशील? मान खाली घालू नको, रविराज. हो की नाही? बोल.”