न लावलेली कडी

"एकशे बारानंतर एकशे एकोणतीस… तुमच्याकडे असंच मोजतात का?"

दुकानाचे दार खांद्याने ढकलून आत आलेल्या तरुणीने जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवले. पुस्तके बांधणाऱ्या तरुणाने खळीचा ब्रश बाजूला केला, हात फडक्याला पुसले आणि पाने उलटली. खरेच, सोळा पानांचा एक अख्खा फर्मा भलत्याच जागी शिवलेला होता.

"काम आमच्याच दुकानातलं आहे," तो म्हणाला. "बाबांच्या हातचं. पण त्यांच्याकडून अशी चूक… शक्यच नाही."

"शक्य नसलेल्या चुकीपायी आमची आत्या दोन महिने भांडते आहे!"

तिची आत्या निवृत्त शिक्षिका. दर रविवारी तिच्या घरी वाचनमंडळ भरत असे. माणसे सहा, पुस्तक एक. आठवड्याला एकच पान, आणि त्यातले प्रत्येक वाक्य तपासल्यावाचून पुढे जायचे नाही, हा नियम. पुस्तक होते सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ख्रिस्ती साधकाचे आत्मकथन. दोरखंड वळणाऱ्याच्या या मुलाने आपले सारे आयुष्य प्रत्यक्ष देवाला, 'तू' म्हणून, सांगितले होते. एकशे बाराव्या पानावर तो प्रार्थनागृहाच्या दाराबाहेर थंडीत उभा होता. पुढच्याच पानावर आत बसून गात होता. तो आत गेला कसा, यावर सहा जणांची सात मते पडली. अक्षर न् अक्षर पारखणाऱ्या त्या मंडळींपैकी एकानेही पानाचा क्रमांक पाहिला नाही. पाहिला तो भाचीने. ती पूल आणि बंदरांवरच्या धक्क्यांचे नकाशे काढत असे. आकडा दिसला की तिची नजर आधी तिथेच जाई.

"उसवून नव्यानं शिवावं लागेल. पंधरा दिवस," तो म्हणाला. "तोवर मंडळाचं अडायला नको. शनिवारी दुपारी या, सुटा फर्मा इथंच वाचा, हवं ते उतरवून न्या."

ती येऊ लागली. खिडकीपाशी त्याचे वडील बसलेले असत. डोळे अधू झाल्यापासून त्यांनी सुई ठेवून दिली होती, कान मात्र शाबूत होते. ती मोठ्याने वाची, तो शिवता शिवता ऐके. तिसऱ्या शनिवारी त्याला राहवले नाही.

"तीन हिवाळे बाहेर उभा राहिला… बिचारा!"

"बिचारा कसला? भित्रा!"

"सभ्य म्हणा. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं तरी कसं?"

"तुम्ही नाही शिरणार?" तिने वही मिटत विचारले.

तो दोऱ्याला मेण लावू लागला. त्या दोऱ्याला मेण आधीच लावलेले होते.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. "पुस्तक बांधायला दिलंय की किल्ला?" आत्याने विचारले. "हवा दमट आहे गं, खळ वाळत नाही म्हणे," भाची म्हणाली. खिडकीबाहेर कडकडीत ऊन पडले होते. आत्याने चष्म्यावरून एकदा उन्हाकडे पाहिले, एकदा भाचीकडे… आणि नियम मोडून पुढे काहीच तपासले नाही.

मग तिच्या कचेरीतून एक कागद आला. त्यात दोन रकाने होते: दूरच्या बंदरावरचे काम, मुक्काम तीन वर्षे, किंवा दोन तासांवरच्या पुलाचे. दहा दिवसांत एकावर खूण करून द्यायची होती. तिने तो त्याला दाखवला.

"बंदराचं काम मोठं असेल," तो खाली पाहत म्हणाला.

"मोठं आहे."

"मग…"

त्याने सुई उचलली. त्या 'मग'च्या पुढच्या शब्दाची ती आठवडाभर वाट पाहत राहिली.

पुढच्या शनिवारी तिने वही न उघडता नकाशाचा एक कागद त्याच्यापुढे पसरला. पेन्सिलीने रेखाटलेले दार, चौकट, बाहेर दोन पावले.

"तुमच्या सभ्य माणसाचं दार. तो काय लिहितो? 'वारा आला की दार बोटभर हलायचे, आणि तुझ्या दिव्याचा उजेड माझ्या पायांवर पडायचा.' बरोबर?"

"बरोबर."

"दार वाऱ्यानं हलतं, म्हणजे कडी लावलेली नाही. उजेड पायांवर पडतो, म्हणजे तो चौकटीपासून हातभरच लांब आहे. तीन हिवाळे तो उघड्या दारासमोर उभा होता. आणखी कसलं बोलावणं हवं होतं त्याला?"

त्याचे बोट चित्रातल्या चौकटीपाशी जाऊन थांबले. तिने हळूच कागदाची गुंडाळी केली, पुस्तक उचलले आणि ती दाराशी पोचली.

"थांबा." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "पुस्तक पाच आठवड्यांपूर्वीच तयार झालं होतं."

"ठाऊक आहे. खळ एका रात्रीत वाळते. तुमच्या बाबांनीच सांगितलं."

"मग येत का राहिलात?"

"तुम्ही कधी सांगता, ते पाहायला."

त्याने एक पाऊल पुढे टाकले… मग दुसरे. "बंदरावर खूण करू नका. शनिवारच्या शनिवार मी पुलावर येईन. नाहीतर तुम्ही इथे या. पण… मला तुमच्याबरोबर राहायचं आहे. फक्त शनिवारी नाही."

तिने पर्समधून कचेरीचा कागद काढला, त्याच्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि पुलासमोर खूण केली. रेघ वाकडी गेली. अशी रेघ तिने आयुष्यात काढली नव्हती.

लाज लपवण्यासाठी तिने पुस्तक उघडले. शेवटचा, अजून न वाचलेला फर्मा… आणि ती हसू लागली.

"अहो, हा उलटा शिवलाय!"

"कधी शिवलास रे?" खिडकीपाशी बसलेल्या वडिलांनी विचारले.

"ह्या पावसात इथंच अडकल्या होत्या, संध्याकाळपर्यंत… त्या दिवशी."

"हं. मग दोष घराण्याचा आहे," म्हातारा मान डोलावत म्हणाला. "मी तो सोळा पानांचा फर्मा भलतीकडे शिवला, त्या दुपारी तुझी आई पहिल्यांदा दुकानात आली होती."

तिने पुस्तक पुन्हा टेबलावर ठेवले, अगदी पहिल्या दिवशी ठेवले होते तिथेच.

"उसवा. पंधरा दिवस ना?"

"छे," सुई शोधत तो म्हणाला. "हवा दमट आहे."