लांबलेलं अक्षर

शनिवारी सकाळी योगिनी वडिलांच्या, नानाजींच्या खुर्चीत बसली होती आणि ते स्वतः गिऱ्हाइकासारखे बाकावर. शेलूबाजारात, रस्त्याला लागून, त्यांचं सेवा केंद्र होतं. सातबारा, पीकविमा, दाखले. त्याआधी त्यांनी उभी हयात तहसीलसमोर लोखंडी टाइपरायटर बडवला होता. तो अजून टेबलाच्या कोपऱ्यावर होता. बोटंही तीच, जड. कळीवर टेकली की उठत नसत. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून लेकीला मेसेज टाकायचे तेव्हा हटकून 'योगिनीीीीी' उमटायचं.

"आता कितीही वेळ दाबून ठेवा," सेटिंग बदलून ती म्हणाली. "एकच अक्षर येईल."

नानाजींनी 'क' दाबून धरला. पडद्यावर एकच क.

"बोट म्हातारं झालं तं मशीनले समजावलं तुनं." ते हसले. मग पडद्याकडेच पाहत म्हणाले, "मंग? येतं काय वापस? वाशीमातबी कामं भेटतात."

"पाहू," योगिनी म्हणाली आणि नागपूरची गाडी धरली.

सोमवारी दिवेलागणीला मेसेज आला. 'मुन्नाााााा आला. मंग बोलतो.' बाबांनी हट्टाने सेटिंग परत बदललं, असं तिला वाटलं. तिने उत्तर दिलं नाही.

पाठोपाठ गावातून फोन आला. कोणीतरी तोच टाइपरायटर नानाजींच्या डोक्यात घातला होता. एकदा नव्हे. कवटी उजवीकडून आत गेली होती. उजव्या हाताची बोटं चिरडली होती.

*

"मुन्ना बाबांकडे कामाला होता," योगिनीने रंजीताला सांगितलं. "सकाळी सुटीवरून भांडण झालं, तो निघून गेला. संध्याकाळी तो रक्ताने माखलेला सापडला. त्याने मारलं असं मला वाटत नाही. पण मेसेज खरा असेल, तर त्यानेच मारलं."

रंजीता वाशीमात खाजगी तपासाची कामं करायची. मोजकं बोलायची. तिची जीप चालवणारा धरमसिंग मनगटाने दणकट आणि डोक्याने सावकाश होता.

पोलिसांनी दुकान होतं तसंच बंद ठेवलं होतं. कीबोर्डवर वाळलेल्या रक्ताची सलग खपली होती, कळींच्या फटींतूनही. कुठे तडा नाही, बोटाचा ठसा नाही. खिडकीत जेवणाचा डबा होता. रंजीताने उघडला. बुरशी चढलेल्या दोन भाकरी, वर बेसनाचा गोळा, सगळं शाबूत.

"कधी जेवायचे?"

"दुपारी बारालाच. त्यात कधी बदल नाही."

कोठडीत मुन्नाचा ओठ फाटलेला होता, एक डोळा मिटला होता. पोलीस यायच्या आत गावाने त्याला तुडवला होता.

"सांजी वापस आलो तं शटर ओढेल होतं, कुलूप नव्हतं. आत गेलो तं पाय घसरला. नानाजीले उचलून पाह्यलं. हात लाकडावानी ताठ. आता खुन्याचं कोण आयकते?"

दुकानाचा मालक गणेश समोरच कृषी केंद्र चालवायचा.

"भर दुपारपासून शटर खाली," तो म्हणाला. "मले वाटलं, मंगरूळले गेले असतीन. जागा खाली करा म्हणून मी मांगं लागेल होतो, खोटं कायले बोलू? पन त्यासाठी जीव कायले घेऊ? वीज कापली असती तं आपोआप गेले असते, बाई."

शेवटी वाशीमचा भागवत. मशीन दुरुस्त करणारा.

"सोमवारी सकाळी शाई द्याले गेल्तो. दुपारपासून रातीपर्यंत इथंच, धा मानसं सांगतीन. संध्याकाळी नेटची लाइन तं अशी मरेल होती, का एक पान उघडत नव्हतं."

"नानाजींचं मशीन बिघडलं की?"

"इथूनच नेटवरून उघडून पाह्यतो. पासवर्ड माह्यापाशी. नानाजीले बी माहीत नाही."

"त्या मेसेजमधलं अक्षर लांबलंय."

"त्याईचं लांबतेच," भागवत हसला. "बोट उचलतच नव्हते."

जीपमध्ये धरमसिंग म्हणाला, "ताई, पडता पडता कळ दाबून राह्यली असंल."

"मंग पुढचे तीन शब्द मेल्यावर लिहिले काय, धरमभाऊ?"

*

दुसऱ्या दिवशी दुकानात ठाणेदार होते, गणेश होता, आणि मशीन तपासायला म्हणून बोलावलेला भागवत.

रंजीताने 'न' दाबला. रक्ताची खपली कडकन फुटली. ती बोट दाबूनच बोलत राहिली.

"नानाजी बाराला जेवत. डबा भरलेला आहे. दुपारी शटर खाली. संध्याकाळी हात ताठ, म्हणजे मरून बरेच तास झालेले. मग दिवेलागणीला मेसेज कोणी टाकला? मेल्यावर या कीबोर्डला कोणी बोट लावलं नाही, नाहीतर खपली तेव्हाच फुटली असती. आता पडद्याकडे पाहा."

पडद्यावर एकच न होता.

"शनिवारी योगिनीने हे सेटिंग केलं. या कीबोर्डवरून अक्षर लांबूच शकत नाही. पण हेच मशीन कोणी दुरून चालवत असेल, आणि लाइन मरेल असेल, तर बोट उचलल्याची खबर उशिरा पोचते. तोवर इथल्या मशीनला वाटतं, कळ दाबलेलीच आहे. अक्षर वाढत जातं. काल मी ठाणेदारांसमोर दुरून जोडून पाहिलं. दुरून आलेल्या अक्षरांना हे सेटिंग अडवत नाही."

भागवतने दाराकडे पाहिलं.

"जोडणीची नोंद तुम्ही पुसली. लांबलेलं अक्षर मात्र तसंच सोडलं. काहून? नानाजींचं लांबतेच, हे तुम्हाला पाठ होतं. शनिवारचं माहीत नव्हतं."

भागवतने टेबलावरचा पेचकस उचलला आणि तिच्या गळ्याकडे झेपावला. धरमसिंगने त्याचं मनगट धरून उलटं पिळलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"त्याईच्या नावानं खोटे पीकविमे भरले मी," तो जमिनीवरून कण्हला. "त्याईले समजलं. ठाण्यात फोन कराले गेले. फोन हिसकत होतो तं सोडेचना बुढा. बोटं ठेचली तवा सुटला. मंग डोकं. मुन्नाचं भांडण सकाळी आयकेल होतं, म्हनून त्याचं नाव टाकलं."

योगिनी भिंतीला टेकून ऐकत राहिली. तिने कान झाकले नाहीत.

मुन्नाला सोडवायला सगळे निघाले. दारात रंजीता थांबली.

"त्यांनी सेटिंग बदललं नव्हतं, योगिनी. तू ठेवलं तसंच ठेवलं होतं."

योगिनी रिकाम्या खुर्चीत बसली. तिने 'य' दाबला आणि बोट उचललं नाही. बराच वेळ.

एकच अक्षर.

"आली मी, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "वापस आली."